नव्वद सेकंद

३ जानेवारी २०१३, गुरुवार

नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की टीमचा प्रमुख असाल तर रोज संध्याकाळी दहा मिनिटं लिहा. दिवसभरात काय शिकलो, ते. म्हणून ही वही. मी इरावती देवगडे, वय एकोणचाळीस, रायपूरमधल्या तेलीबांध्याच्या अॅम्ब्युलन्स कंट्रोल रूमची सेंटर इंचार्ज. चार महिने झाले. छत्तीस ऑपरेटर, तीन शिफ्ट. आपल्या अर्ध्या राज्याचे फोन इथं येतात आणि इथून गाड्या सुटतात.

आज काय शिकले? की माणसांना आकडा दिसला की माणसं पळतात. नोव्हेंबरमध्ये मी भिंतीवर बोर्ड लावला. प्रत्येक कॉल नव्वद सेकंदांत संपवायचा, जास्त लागला तर नावापुढे लाल ठिपका, आठवड्यात तीन ठिपके झाले की लेखी समज. सरासरी एकशे चाळीसवरून अठ्ठ्याऐंशीवर आली. आमचे रिजनल हेड वासुदेव सर फोनवर म्हणाले, "इरावती, नव्या रायपूरचं सेंटर मार्चमध्ये सुरू होतंय. मी तुझंच नाव पाठवलंय."

राज्याची नवी राजधानी तिकडे होतेय, मंत्रालय गेलंच आहे. सगळं हळूहळू तिकडेच जाणार.

१० जानेवारी, गुरुवार

मीटिंग बावीस मिनिटांत आटोपली. कुणालाच काही प्रश्न नव्हते. पूर्वी तासभर चालायची, प्रत्येकाची रडगाणी. माझा डेप्युटी विराज म्हणाला, "मॅम, तुम्ही आल्यापासून फ्लोअर एकदम शांत झालाय." बरं वाटलं.

घरी क्षमा शाळेचं काहीतरी सांगत होती. चौदा वर्षांची झाली तरी मराठीत उत्तर देत नाही. मध्येच थांबली आणि म्हणाली, "छोड़ो ना आई, आप थकी हुई हो." मी थकलेली नव्हते.

१६ जानेवारी, बुधवार

दुपारी दोन चाळीसला सेमरा गावातून कॉल. बाळंतपण घरीच झालं होतं, बाईला रक्तस्राव. वय चोवीस. ऑपरेटर पिंकी देवांगन. गाडी सेमऱ्याला गेली, पण दुसऱ्या. एकाच जिल्ह्यात सेमरा दोन आहेत, मध्ये बेचाळीस किलोमीटर. ड्रायव्हर अर्धा तास घर शोधत फिरला. घरच्यांनी शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं. बाई वाटेत गेली. बाळ आहे.

रिपोर्ट लिहिला. पाच वाजता पाठवला. बस.

१७ जानेवारी, गुरुवार

रेकॉर्डिंग ऐकलं. चौऱ्याऐंशी सेकंदांचं आहे.

पिंकी विचारते, "कौन सा सेमरा भैया? ब्लॉक कौन सा?" माणूस म्हणतो, "सेमरा, सेमरा. जल्दी भेजो न दीदी." मागं बायांचा आवाज. पिंकी पुन्हा विचारायला लागते, "भैया, पास में..." आणि मध्येच तोडून म्हणते, "ठीक है, गाड़ी निकल रही है." तेव्हा एक्काहत्तर सेकंद झालेले.

दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. विचारता विचारता का थांबली, हे मला समजत नाही. स्क्रीनवर दोन्ही सेमरा एकाखाली एक येतात, ब्लॉकचं, म्हणजे तालुक्याचं, नाव अर्धं कापलेलं दिसतं. तिनं वरचं दाबलं.

या आठवड्यात तिला आधीच दोन लाल ठिपके होते. म्हणजे कामात लक्ष नव्हतंच.

१९ जानेवारी, शनिवार

वासुदेव सर आले. म्हणाले, "ऑपरेटरची चूक आहे, सरळ आहे. तिला काढ, चौकशीचा कागद पूर्ण कर. पेपरवाले विचारायच्या आत."

पिंकीला केबिनमध्ये बोलावलं. पत्र दिलं. तिनं वाचलं, दोनदा. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग विराजकडे बघितलं, मग खाली. "ठीक है मॅम." हेडसेट टेबलावर ठेवून गेली. मला वाटलं होतं रडेल. बरं झालं नाही रडली.

जेवले. काय होतं ते आठवत नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

पाच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नाही. ऑफिसला जाते, येते. माझे मिस्टर अभिनव म्हणतात, तू काल एकच ताट तीनदा धुतलंस. असेल.

सरासरी कालची ब्याऐंशी. मी आल्यापासूनची सगळ्यात चांगली.

२७ जानेवारी, रविवार

चौबे कॉलोनीत दिवाकरकाकांकडे गेले. बाबांचे मित्र, दोघंही रेल्वेत. काका कंट्रोल ऑफिसमध्ये सेक्शन कंट्रोलर होते, फोनवरून गाड्यांची लाइन ठरवून द्यायचे, बत्तीस वर्षं. एकटेच राहतात. त्यांच्याकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवली का?"

"जेवली."

"तोंडावरून तं नाही वाटून राहिलं. काय झालं? सांग मले."

सांगितलं. रिपोर्ट सांगतो तसं सांगितलं, वेळ, अंतर, चूक, कारवाई. काका सुपारी कातरत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "आन तुले?"

"मला काय?"

"तुले कसं वाटून राहिलं?"

मी म्हटलं, "काका, मले काहीच वाटून नाही राहिलं." खरंच तसं होतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच असतो पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो. तसं सगळं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग एकच विचारलं. "त्या पोट्टीनं तुले आधी कधी हे सांगतलं होतं का? का एका नावाची गावं हायेत म्हणून?"

"नाही."

"नाही, का आठवत नाही?"

मी म्हटलं, नाही. निघताना दारात म्हणाले, "तुह्यासंगं काम करणाऱ्याले विचार. खुर्चीत बसून नको विचारू. आन विचारलं की गप राय."

२९ जानेवारी, मंगळवार

विराजला घेऊन तळ्याकाठी गेले. ऑफिसबाहेर कधी बोललो नाही आम्ही, तो घाबरलेला वाटला. मी विचारलं, पिंकीनं एका नावाच्या गावांबद्दल आधी कधी काही म्हटलं होतं का.

तो पाण्याकडे बघत राहिला. मला तेवढ्यात दोनदा बोलावंसं वाटलं. गप राहिले.

"म्हटलं होतं, मॅम. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये. सहा तारखेला. ती म्हणाली, एका नावाची पुष्कळ गावं आहेत, अशा कॉलला नव्वदमध्ये होत नाही, अशांना ठिपका लावू नका."

"मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हटलं, 'मला कारणं नकोत, वेग पाहिजे.' मग म्हटलं, 'पिंकी, तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं.' सगळे हसले. मी पण हसलो."

मला अजिबात आठवत नव्हतं. आताही आठवत नाही. दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसं ऐकलं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही." मग थोड्या वेळानं, "आणि तुम्ही नव्या रायपूरला गेलात की ही खुर्ची मला मिळणार होती. खोटं कशाला बोलू."

परत आल्यावर कपाट उघडून बघितलं. मीटिंगच्या रजिस्टरमध्ये त्याच्याच अक्षरात एक ओळ आहे. 'पिंकी: एक नाम के गाँव, ज़्यादा समय चाहिए. मॅम: नहीं.' खाली माझी सही.

३० जानेवारी, बुधवार

काही नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

काकांकडे. त्यांना रजिस्टरमधलं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, होतं असं, एवढं नको मनाला लावून घेऊ. किंवा मग रागावतील. दोन्हीची तयारी होती.

ते म्हणाले, "मी तुले एक सांगतो. तुह्या बापालेही नव्हतं सांगतलं."

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. एका छोट्या स्टेशनावर मालगाडीचे दोन डबे रुळावरून उतरले. कुणी मेलं नाही. ठपका लहानू नावाच्या पॉइंट्समनवर आला, की त्यानं ऑर्डरच्या उलट रुळांचा सांधा बदलला. लहानू चौकशीत म्हणाला, मला ऑर्डरच तशी आली होती. त्याचं कोणी ऐकलं नाही.

"ऑर्डर माझीच होती," काका म्हणाले. "म्या लाइन चारच्या जागी तीन सांगतलं. त्यानं परत विचारलंही, 'साहेब, तीनच ना?' म्या म्हटलं, 'ऐकू येत नाही का?' चौकशीत म्या म्हटलं, चार सांगतलं होतं. त्याले खालच्या पोस्टवर टाकलं. दूरच्या स्टेशनावर."

"मग?"

"मग काय. मले प्रमोशन भेटलं. लय चांगला कंट्रोलर झालो मी. पोरायले शिकवलं, दोनदा विचारलं तं चिडायचं नाही म्हणून. सारे म्हणत, दिवाकर साहेब नवीन माणसाले किती सांभाळून घेते. लहानू अठ्ठ्याण्णवला गेला. मले दोन वर्षांनी कळलं."

मी विचारलं, "काका, मी काय करू?"

"ते मी नाही सांगू शकत. म्या केलं नाही, तं कोणत्या तोंडानं सांगू? मले एवढंच माहीत हाय का वाट पाहत बसलं तं माणूस राहत नाही समोर."

घरी येताना रिक्षात रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सेमऱ्याला गेले. त्या खऱ्या. आमच्याच गाडीनं, ड्रायव्हरला सोबत घेऊन. दीड तास लागला. कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या माणसाचं नाव शंकर. त्याच्या आईच्या मांडीवर बाळ होतं, मुलगी. मेलेल्या बाईचं नाव सुकवारो. वीस दिवस मी 'महिला, वय चोवीस' असंच लिहीत होते.

मी अंगणात उभ्यानंच सांगितलं, गाडी चुकीच्या सेमऱ्याला गेली, ती चूक आमची होती, तुम्ही गावाचं नाव बरोबर दिलं होतं. शंकर म्हणाला, "मैं सोच रहा था मैंने ही ठीक से नहीं बताया." म्हणजे वीस दिवस तो ते घेऊन बसला होता. मी म्हटलं, नाही, तुम्ही ठीक सांगितलं. विचारायला वेळ द्यायचा नाही असा नियम होता, तो मी केला होता.

त्याला हे किती कळलं माहीत नाही. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. मग म्हणाला, "वो नोनी कैसी है? जो फोन उठाई थी? अच्छे से बात कर रही थी." नोनी, म्हणजे पोरगी.

त्याच्या आईनं बाळ माझ्या हातात दिलं. मी घेतलं. गरम होतं. परत दिलं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

वासुदेव सरांना भेटले. रजिस्टरचं पान दाखवलं. म्हटलं, चौकशीच्या रिपोर्टात हे घालायचं आहे, आणि कारण म्हणून नव्वद सेकंदांचा नियम लिहायचा आहे, आणि पिंकीचं पत्र मागं घ्यायचं आहे.

सरांनी दार लावलं. "हे बघ इरावती, तू दमली आहेस. हे कागदावर आलं की नवं सेंटर विसर. आणि नुसतं तेवढंच नाही, वरचे मला विचारतील की हा नियम तू कसा चालू दिलास."

"तुम्ही शाबासकी दिली होती, सर."

"हो ना. दिली होती." त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांखाली खूप काळं होतं, कधी लक्षात आलं नव्हतं. "मला कोणी सांगितलं नाही की यानं कॉल तुटतात."

"मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुम्हाला मीच सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. मी फक्त सरासरी पाठवत होते."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "सोमवारपर्यंत विचार कर." मी म्हटलं, विचार झालाय, आणि रिपोर्टाचं पाकीट टेबलावर ठेवलं. आवाज अजिबात कापला नाही. मला अभिमान वाटला असं लिहिता आलं असतं. काही वाटलं नाही. खाली येऊन चहा घेतला, फार गोड होता.

१० फेब्रुवारी, रविवार

तात्यापाऱ्यात पिंकीचं घर. खाली कापडाचं दुकान, वर दोन खोल्या. तिच्या आईनं दार उघडलं आणि मला ओळखून आत न बोलावता उभी राहिली. मग पिंकी आली, म्हणाली, "आने दो मम्मी."

मी सांगितलं. रजिस्टर, रिपोर्ट, सर. तिनं सगळं ऐकलं, भिंतीला टेकून. मग हळू म्हणाली, "मॅम, उस दिन मैं पूछ रही थी. पास में क्या है, पूछ ही रही थी. फिर घड़ी दिख गई."

"माहीत आहे. ऐकलंय मी."

"दो डॉट हो चुके थे."

"हो."

"आपको पता है, मैं सबको बोलती थी, मॅम सख़्त हैं पर सही हैं." आता तिला रडू आलं होतं. "घर पे भी बोलती थी."

मी शंकरनं विचारलेलं सांगितलं. नोनी कैसी है. त्यावर ती तोंडावर ओढणी घेऊन खूप रडली. तिची आई आली, तिला जवळ घेतलं, माझ्याकडे बघितलं. मी तिथंच बसून राहिले. उठून जावं की हात लावावा कळेना. मला वाटतं मला पिंकीच्या रडण्याचा हेवा वाटला.

कामावर येशील का विचारलं. ती म्हणाली, "पता नहीं." आईनं चहा विचारला नाही. बरोबरच होतं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

बोर्ड उतरवला. तिन्ही शिफ्टशी वेगवेगळं बोलले. रजिस्टरमधली ती ओळ वाचून दाखवली, मग 'मॅम: नहीं' पण वाचलं. म्हटलं, आणखी काय काय मला सांगितलं होतं, किंवा सांगायचं होतं, ते सांगा.

कोणी बोललं नाही. सकाळच्या शिफ्टला चार मिनिटं शांतता. मी पूर्वी हिलाच चांगली मीटिंग म्हणत होते.

मग ममता, सगळ्यात जुनी ऑपरेटर, म्हणाली, "मॅम, फोन लगता है तो पहले बीस सेकंड तो आदमी रोता ही है. हम उसको चुप करा देते थे." मग दुसरी म्हणाली की ठिपके टाळायला कॉल दोन तुकड्यांत करायचो, कापून परत लावायचो. तिसरी म्हणाली, पाणी प्यायला उठायची भीती वाटते. पाऊण तास चाललं. मी लिहून घेत होते. शेवटी ममता म्हणाली, "और मॅम, आप जब सुनती हैं तो लगता है आप घड़ी देख रही हैं."

घरी आले. क्षमा अभ्यास करत होती. तिच्या शेजारी बसले. विचारलं, त्या दिवशी शाळेचं काय सांगत होतीस. ती म्हणाली, "कौन से दिन?" मला दिवस सांगता आला नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट गेला, माझा होता तसाच. सरांनी खाली आपलीही दोन ओळींची कबुली जोडली होती. मला आधी सांगितलं नाही त्यांनी.

आज ऑर्डर आली. पिंकीचं पत्र रद्द. नवं रायपूर सेंटर विराजला. मी पुढच्या आदेशापर्यंत इथंच, सहा महिने देखरेखीखाली. विराज केबिनमध्ये येऊन नुसता उभा राहिला. मी म्हटलं, तिकडे बोर्ड लावू नकोस. म्हणाला, "नाही लावणार." मग, "मॅम, महिन्यातून एकदा भेटू का? तळ्यावर?" मी हो म्हटलं.

काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग, "लहानूचा पोरगा भिलाईले असते म्हणे. पत्ता काढून राहिलो," एवढं बोलून त्यांनी ठेवला.

४ मार्च, सोमवार

पिंकी आली. सगळ्यांना नमस्ते केलं, मलाही. कोपऱ्यातलं टेबल मागून घेतलं. दिवसभर कामापुरतं बोलली. मला वाटलं होतं ती आली की काहीतरी होईल, माझ्या आत. दुपारी डबा खाल्ला, वांग्याची भाजी होती. चव लागली. एवढं लिहून ठेवते.

११ मार्च, सोमवार

मी आजवर हेडसेट लावून एकही कॉल घेतला नव्हता. सहा महिने झाले, कुणी विचारलंही नाही. आज सकाळी पिंकीच्या शेजारच्या रिकाम्या टेबलावर बसले. म्हटलं, एक तास मला घेऊ दे, तू ऐक.

चौथा कॉल एका सासूचा होता. सुनेला कळा सुरू, दाई पोचलेली नाही. मी गाव विचारलं, ब्लॉक विचारला, जवळ काय ते विचारलं. शाळा, मग पिंपळ, मग लाल टाकी. मी सगळं नीट टाइप केलं, दोनदा वाचून दाखवलं. गाडी निघाली. मी म्हटलं, "माँजी, गाड़ी आ रही है," आणि फोन ठेवला. बरोबर केलं असं वाटलं.

पिंकीनं आपला हेडसेट एका कानावरून सरकवला. माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "मॅम, आपने रख दिया."

"गाडी निघाली ना."

"गाड़ी तो आधे घंटे में पहुँचेगी. वो अकेली है. बच्चा अभी हो रहा है."

फ्लोअरवर दोन-तीन माना वळल्या. पूर्वी मला असं कोणी सर्वांसमोर बोललं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत आहे.

परत नंबर लावला. सासूनं पहिल्याच रिंगला उचलला. पिंकी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माझ्यासमोर सरकवत होती. स्वच्छ कपडा. पाणी गरम करा. खेचू नका. तिला डाव्या कुशीवर. मी वाचत होते, सासू "हव, हव" म्हणत होती. मध्ये बराच वेळ बोलायला काहीच नव्हतं, नुसतं तिकडचं ऐकू येत होतं, आणि मी म्हणत होते, मैं हूँ माँजी, मैं यहीं हूँ. सत्तावीस मिनिटं. चोविसाव्या मिनिटाला बाळ रडलं. मग कुत्रं भुंकलं, गाडीचा दरवाजा वाजला, आमच्या ड्रायव्हरचा आवाज आला.

हेडसेट अजून कानावरच होता. मग कळलं की गाल ओले आहेत, कधीपासून ते माहीत नाही.

पिंकी पुढचा कॉल घ्यायला हेडसेट नीट करत होती. म्हणाली, "मॅम, अब आप रख सकती हैं."